वसंतातल्या मधमाश्या : साहित्य आणि कृती

(नवशिक्यांसाठी. वेळ : फेब्रुवारी ते मे. किती जणींसाठी : सुरुवातीला दहा हजार, सगळं नीट झालं तर पन्नास हजार.)

साहित्य : लाकडी मधपेट्या दोन. त्यांत मधमाश्या, जिवंत असल्यास उत्तम. पांढरी साखर दहा किलो. घरच्या चहाची वेगळी लपवून ठेवावी. धुराचा भाता, म्हणजे स्मोकर, एक. चौकटी उचकटायची लोखंडी पट्टी एक; ही गवतात पडली की जूनपर्यंत सापडत नाही, म्हणून खरं तर दोन. पांढरा अंगरखा, जाळीची टोपी, वाचायचा चष्मा. सोशिक शेजारी एक. सातारा जिल्ह्यातला मामा एक. हा बाजारात मिळत नाही, ज्यांच्याकडे असेल त्यांनी जरूर वापरावा. वसंत ऋतू चवीपुरता.

चवीपुरता का, ते सांगतो. मी राहतो अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसच्या एका उपनगरात. जानेवारीत इथे पारा उणे पंचवीसच्या खाली उतरतो आणि त्याला वर यायची घाई नसते. २०१८ साली गुढीपाडवा १८ मार्चला आला. मागच्या डेकच्या कठड्याला आम्ही गुढी बांधली, कडुनिंबाची वाळकी पानं डब्यातून काढली, श्रीखंड खाल्लं, थंडीने कुडकुडत फोटो काढले. बरोबर चार आठवड्यांनी, एप्रिलच्या मध्यावर, त्याच डेकवर फूटभराहून जास्त बर्फ पडला. आपल्याकडे शिशिर संपतो आणि वसंत येतो. इथे शिशिर संपतो, वसंत येतो, शिशिराची छत्री राहिलेली असते म्हणून तो परत येतो, चहा घेतो, दोन आठवडे राहतो, आणि मग एकदम उकडायला लागतं.

अशा हवेत वसंतात मधमाश्यांचं काय काय करावं लागतं, असं नवे लोक मला विचारतात. उत्तर एकाच शब्दाचं आहे. पण एका शब्दाचा लेख मासिकं घेत नाहीत आणि नवशिक्यांचंही त्यावर समाधान होत नाही, म्हणून सविस्तर.

पूर्वतयारी

पहिली गोष्ट : हिवाळ्यात मधमाश्या झोपत नाहीत. अस्वल झोपतं, बेडूक झोपतो, सुट्टीत घरी आलेला आमचा मुलगा झोपतो. मधमाश्या जाग्या असतात. हवा चौदा अंशांच्या खाली गेली की त्या एकमेकींना बिलगतात आणि चौकटींच्या मधोमध त्यांचा एक गोळा होतो. बाहेरच्या थरातल्या माश्या डोकी आत करून दाटीने बसतात. ती झाली गोधडी. आतल्या माश्या पंख न हलवता पंखांचे स्नायू नुसते थरथरवत राहतात; ती झाली शेगडी. पेटी गरम करायच्या भानगडीत त्या पडत नाहीत. गोळ्यापासून वीतभर लांब गेलं की पेटीतही जवळजवळ बाहेरच्याइतकीच थंडी. शेगडीचं इंधन मध. आमच्याकडे एका वसाहतीला हिवाळा काढायला पस्तीस ते पंचेचाळीस किलो मध लागतो, आणि तो ठेवून उरलेलाच आपला, हे पहिल्या वर्षी कुणाला पटत नाही.

दुसरी गोष्ट : मधमाश्या थंडीने मरत नाहीत. नवशिक्या डिसेंबरभर खिडकीतून पेटीकडे बघत हळहळतो, पेटीला आईच्या जुन्या साडीची गोधडी गुंडाळावी काय, असा विचार करतो. गरज नाही. पेटी कोरडी असेल, छताला त्यांच्याच श्वासाची वाफ गोठून थंड पाणी अंगावर ठिबकत नसेल आणि घरात धान्य असेल, तर उणे तिसाला त्या निवांत असतात. त्या मरतात मार्चमध्ये, भुकेने. आपण स्वेटर काढतो तेव्हा.

याचं कारण राणी. फेब्रुवारीत दिवस मोठा होऊ लागला की तिला अंडी घालायची हुक्की येते. बाहेर गुडघाभर बर्फ, शंभर मैलांत एक फूल नाही, पण बाईंनी ठरवलं म्हणजे ठरवलं. आता अंड्यांना आणि अळ्यांना ३४-३५ अंश ऊब लागते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी रात्रंदिवस पेटती ठेवावी तशी माश्यांची थरथर वाढते आणि मधाचा खप एकदम चढतो. शेगडीपाशी बसलेल्या कोण? गेल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात जन्मलेल्या म्हाताऱ्या. उन्हाळ्यातली कामकरी माशी राबून राबून सहा आठवड्यांत संपते. हिवाळ्यातली पाच-सहा महिने काढते, पण मार्चपर्यंत तिचंही तेल संपत आलेलं असतं. म्हाताऱ्या गळतायत, नव्या अजून पाळण्यात आहेत, कोठाराचा तळ दिसू लागलाय आणि पहिलं फूल महिनाभर लांब. मिनेसोटातला मार्च तो हा.

हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. तरी माझी पहिली वसाहत गेलीच. फेब्रुवारीच्या शेवटी एका उन्हाच्या दुपारी त्या दारात उडताना दिसल्या. मी आईला वाईला व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलं, 'पोरी सुखरूप.' मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पेटीला कान लावला तर आत काही नाही. उघडली. नारळाएवढा गोळा चौकटींमध्ये होता तसाच बसलेला. एकेक माशी एकेका षटकोनी घरात डोकं खुपसून, शेपूट बाहेर, तळाचा शेवटचा थेंब चाटता चाटता थांबलेली. आणि तिथून दोन चौकटी पलीकडे, माझ्या हाताच्या वीतभर अंतरावर, मेणाने झाकलेला मध. काठोकाठ. कडाक्याच्या थंडीत अळ्यांना उघडं टाकून तेवढं अंतर त्यांना जाता आलं नव्हतं.

आईला फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे शेजारच्या खोलीत ताट वाढलेलं होतं रे."

मग तिनेच मामाला फोन लावायला सांगितलं. मामा जावळी तालुक्यात असतो. त्याच्याकडे सातेरी माश्यांच्या सहा पेट्या आहेत, तरुणपणी महाबळेश्वरला मध संचालनालयात शिकून आलेला. बर्फ त्याने फक्त उसाच्या रसात पाहिलाय. मी सगळी हकिकत सांगितली. पेटीत बसवलेला तापमापक, दमटपणा मोजणारं यंत्र, फोनवर दिसणारे आलेख, सगळं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं,

"पेटी उचलून बघितलीवतीस का?"

"नाही मामा."

"मग बघितलंस काय?"

मी आलेखांचं परत सांगू लागलो.

"आरं, पेटी मागनं बोटभर उचलायची. जड लागली तर गप घरात जायचं. हलकी लागली तर साखर द्यायची. उघडून काय बघायचं हाय त्यात?"

त्याच्याकडे बर्फ नाही, पण झड आहे. जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरात मधमाश्यांचा वाईट काळ म्हणजे पावसाळा. आठ-आठ दिवस धार तुटत नाही, माश्या घरात कोंडलेल्या, फुलातला रस धुऊन गेलेला. तिथले मधपाळ त्या दिवसांत साखरेचा पाक देतात, आणि नाही दिला तर सातेरी सरळ घर टाकून निघून जाते. सकाळी पेटी उघडावी तर आत झुरळं. म्हणून तिथल्या माणसाच्या हाताला वजन कळतं. माझ्या गोऱ्या माश्यांना निघून जायची सोय नाही, एवढाच फरक. मामाचा श्रावण तो माझा मार्च. वर म्हटलेला एक शब्द तुमच्या लक्षात आला असेलच.

कृती

उचला. पेटीच्या मागे उभं राहा, एका हाताने तळपाट धरून बोटभर वर करा. हे कौशल्य आपल्या लोकांत उपजतच आहे. मुंबईच्या विमानाच्या आदल्या रात्री बॅग एका हाताने उचलून "साडेबावीस, अजून चिवड्याचं एक पाकीट बसेल" असं सांगणारं माणूस प्रत्येक मराठी घरात असतं. त्याच माणसाला मार्चमध्ये दर आठवड्याला मागच्या अंगणात पाठवा. पेटी जमिनीला खिळल्यासारखी वाटली तर परत या. रिकाम्या सुटकेसेसारखी वर आली तर धावा.

मग कान लावा. टिचकी मारा. आतून एक छोटा हुंकार येतो आणि विरतो. झोपमोड झालेल्या वडिलांसारखा. याचा अर्थ ठीक आहे. स्टेथोस्कोप वापरला तरी चालेल, पण शेजारी बघतात.

हलक्या पेटीला पाक देऊ नका. इतक्या थंडीत माश्या पातळ पाकाला शिवत नाहीत आणि तो नुसता ओल वाढवतो. वड्या द्या. साखरेच्या वड्या कुणाला शिकवायला नकोत, पण इथली पद्धत सोपी आहे : पाच किलो साखरेला दोन वाट्या पाणी, ओल्या वाळूसारखं कालवायचं, कागद घातलेल्या पसरट ताटात थापायचं आणि दोन दिवस वाळू द्यायचं. गॅस पेटवायचा नाही. एकतारी की दोनतारी, ही चर्चा नको. वेलची नको, जायफळ नको, वरून चारोळी तर मुळीच नको. आमच्या घरी प्रश्न आला की साखरेपेक्षा गूळ पौष्टिक, तर गूळ का नको? भावना चांगली आहे. पण गुळात आणि तपकिरी साखरेत जे 'पौष्टिक' असतं ते माशीच्या पोटाला पचत नाही आणि तिला हगवण लागते. विकतची पिठीसाखरही नको, इथल्या पिठीसाखरेत मक्याचं पीठ असतं. साधी, पांढरी, डॉक्टरांनी आपल्याला बंद केलेली साखर.

वडी बरोबर गोळ्याच्या वर, चौकटींच्या माथ्यावर ठेवायची. शेजारच्या खोलीत नाही. वारा नसलेली दुपार बघा, झाकण काढा, वडी ठेवा, झाकण लावा. अर्ध्या मिनिटाचं काम. मंगलाष्टकं म्हणत बसू नका.

हगवणीचा विषय निघालाच आहे तर शेजाऱ्याकडे येऊ. मधमाशी घरात घाण करत नाही. हिवाळ्यात आठवडे, कधी महिने ती थांबते. बाहेर उडता येईल इतकं ऊन ज्या दिवशी पडतं, त्या दिवशी सगळ्या जणी एकदम निघतात. दहा हजार जणी, तीन महिन्यांचं साठलेलं. बर्फावर पिवळ्या-तपकिरी शिंतोड्यांची रांगोळी होते. ती तुमच्या बर्फावर झाली तर आनंदाने फोटो काढा, घरात आजार नाही याची ती बरी खूण आहे. पण त्यांना कुंपण कळत नाही. आमच्या शेजारच्या आजोबांची गाडी पांढरी आहे. पहिल्या वर्षी ते गाडी पुसता पुसता वर झाडाकडे बघत होते. कुठला पक्षी, हे त्यांना कळेना. मीही त्यांच्याबरोबर वर बघितलं. दुसऱ्या वर्षीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, गुन्ह्याच्या आधी, त्यांच्या दारात मधाची बाटली ठेवतो. नवशिक्याने हे पहिल्याच वर्षी करावं. मध नसेल तर विकत आणावा.

त्याच दिवशी बर्फावर शे-दोनशे माश्या मरून पडलेल्या दिसतील. घाबरून फोन करू नका. म्हाताऱ्या होत्या, ऊन बघून निघाल्या, परतता आलं नाही. दारात मेलेल्यांचा ढीग साचला असेल तर वाकडी तार घालून वाट मोकळी करा. आत उंदराने घर केलं असेल तर तो ऑक्टोबरातल्या तुमच्या आळसाचा विषय आहे, इथे नको.

एप्रिल. आता नवशिक्याचे हात खाजू लागतात. पेटी उघडून बघू या, नुसती एकदा, पटकन. उघडू नका. प्रत्येक वेळी झाकण निघालं की शेगडीची ऊब वर जाते आणि ती परत भरायला मध लागतो. त्यापेक्षा चहाचा कप घ्या आणि दारासमोर, पण जरा बाजूला, खुर्ची टाकून बसा. मेपल आणि वाळुंजाच्या जातीची झाडं इथे सगळ्यांत आधी फुलतात. मेपलची फुलं इतकी बारीक की माश्यांनी सांगेपर्यंत मला ती फुलं वाटलीच नव्हती. मग हिरवळीतून सिला नावाची इवली निळी फुलं वर येतात. मूळची दक्षिण रशिया-कॉकेशसकडची, इथे अंगणा-अंगणांत पसरलेली, काही लोकांना ती नकोशी झालेली. तिचा परागही निळा. मागच्या पायांना निळ्या गोळ्या लावून माश्या परतताना पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा मी ऑफिसची एक बैठक चुकवली. पराग आत जातोय म्हणजे आत खाणारी तोंडं आहेत, म्हणजे राणी अंडी घालतेय. झाकण न काढता एवढं कळलं. अजून काय हवं?

दिवसाचं तापमान दहाच्या वर टिकू लागलं की वड्या बंद करून पाक सुरू करायला हरकत नाही : साखर आणि पाणी वजनाने सारखं. मामाही हेच करतो. दुकानदार परागाच्या पौष्टिक पोळ्या घ्या म्हणून मागे लागतात. त्या लवकर दिल्या तर पिल्लं लवकर वाढतात, आणि मग एप्रिलच्या मध्यावर फूटभर बर्फ पडतो. वर सांगितलंच.

पेटी खरोखर उघडायचा दिवस म्हणजे पंधरा-सोळा अंश, स्वच्छ ऊन, वारा नाही, दुपारची वेळ. त्या दिवशी केळं खाऊ नका. ही थट्टा नाही. माशी डंख मारते तेव्हा जे रसायन सोडून बाकीच्यांना बोलावते, त्याचा वास पिकल्या केळ्यासारखा असतो. आमच्या मंडळातले एक गृहस्थ संकष्टीचा उपास म्हणून दोन केळी खाऊन मधपेटी बघायला आले होते. ते आता फक्त मध बघतात. स्मोकरमध्ये मामा वाळक्या शेण्या घालतो. इथे पाइनच्या सुया चालतात, आणि बासमतीचं पोतं तागाचं असेल तर त्याचे तुकडे फार सुंदर धुमसतात. प्लॅस्टिकचं नाही ना, ते आधी ओढून बघा. धूर दोन-तीन फुंका. ढेकूण मारायचे नाहीत.

उघडल्यावर राणी शोधू नका. नवशिके अर्धा तास राणी शोधतात, तोवर अळ्या गारठतात आणि राणी चौकटीच्या मागच्या बाजूला फिरत असते. अंडी शोधा. चष्मा जाळीच्या आत घालायचा असतो, टोपी घातल्यावर आठवतो. ऊन पाठीवरून चौकटीत पडू द्या आणि घराच्या तळाशी बघा : तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, पांढरं, उभं. आज घातलेलं अंडं उभं असतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं. उभं अंडं दिसलं म्हणजे काल-आज राणी इथे होती. भेटलीच पाहिजे असं नाही. मोठ्या माणसांच्या घरी निरोप पोचला की पुरे.

चौकट इतक्या सहज वर येते याचं श्रेय लॅंगस्ट्रॉथ नावाच्या एका पाद्र्याला. लाकूड आणि चौकट यांच्यात साधारण नऊ मिलिमीटरची फट ठेवली तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत, हे त्याने १८५१ मध्ये हेरलं आणि पुढच्या वर्षी त्या पेटीचं पेटंट घेतलं. लोकांनी पेटी उचलली, पैसे फारसे कुणी दिले नाहीत. मामाची पेटी लहान, कारण सातेरी अंगाने बारीक, पण युक्ती तीच.

दोन मजली पेटीत हिवाळाभर माश्या वर सरकत जातात, त्यामुळे वसंतात वरचा मजला भरलेला आणि खालचा मोकळा असतो. पुस्तकं सांगतात : मजल्यांची अदलाबदल करा. पिल्लं फक्त वर असतील तर करा. दोन्ही मजल्यांवर पसरली असतील तर हात लावू नका, घराचे दोन तुकडे होतात आणि रात्री एकाच तुकड्याला पांघरूण पुरतं.

पेटी मेलेलीच निघाली तर? एप्रिलमध्ये दीड किलोच्या जाळीच्या डब्यातून दक्षिणेकडच्या उबदार राज्यांतल्या नाहीतर कॅलिफोर्नियातल्या माश्या विकत मिळतात, साधारण दहा हजार, आणि वेगळ्या पिंजऱ्यात परकी राणी. नव्या सुनेला लगेच घरात सोडत नाहीत. पिंजऱ्याच्या तोंडाशी साखरेचं बूच असतं, ते दोन्हीकडून कुरतडून संपेपर्यंत सासरच्यांना तिच्या वासाची सवय होते. आपल्याकडे याला मधुचंद्र म्हणतात. पण नव्या आणण्याआधी जुन्या कशाने गेल्या ते नीट बघा. डोकी घरात खुपसलेली असतील तर तुम्हाला कळलंच.

मे. डँडेलियनने सगळी हिरवळ पिवळी झाली की उपासमार विसरा. आता नेमकी उलटी काळजी. राणी दिवसाला दीड हजार अंडी घालतेय, घर ओसंडून वाहतंय, आणि चौकटींच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी राणीघरं लोंबू लागतात. वाटणीची तयारी. आपल्याकडे वाटणी झाली की जुनी माणसं वाड्यात राहतात आणि धाकटा बाहेर पडतो. इथे उलटं. म्हातारी राणीच अर्ध्याअधिक घराला घेऊन बाहेर पडते आणि भरलं घर, मध, पाळणे, सगळं लेकीच्या नावावर ठेवून जाते. सातबारा नाही, तलाठी नाही, भाऊबंदकी तर नाहीच. (एक आहे. पहिली जन्मलेली लेक बाकीच्या बहिणींना कोशातच डंख मारते. त्यामुळे दावा चालवायला कुणी उरत नाही.) राणी अंड्यापासून सोळा दिवसांत तयार होते, पण थवा त्याच्या बराच आधी, राणीघरावर मेण चढलं की निघतो. म्हणून दर आठ दिवसांनी बघा, आणि शेंगा दिसण्याआधीच अर्ध्या चौकटी माश्यांसकट नव्या पेटीत काढून वेगळी चूल मांडून द्या. नाही दिली तर थवा आजोबांच्या सफरचंदाच्या झाडावर जाऊन बसतो. पुन्हा मध.

इथे वसंत संपतो. पेट्या दोनाच्या तीन, साखर शून्य.

टीप

वसंताची खरी तयारी ऑगस्टमध्ये असते. व्हरोआ नावाचा गोचिडीसारखा तांबूस जीव मधमाश्यांच्या अंगाला आणि अळ्यांना चिकटतो. तो मूळचा आपल्याच आशियातल्या, मामाच्या सातेरीच्या जातभाईंवरचा. सातेरी त्याला वेचून काढते, तिचं त्याच्याशी जमून गेलंय. माणसांनी पाश्चात्त्य माश्यांच्या पेट्या पूर्वेकडे नेल्या तेव्हा तो उडी मारून त्यांच्यावर आला, १९८७ मध्ये अमेरिकेत सापडला, आणि गोऱ्या माशीला तो वेचायची सवय नाही. मिनेसोटा विद्यापीठात मार्ला स्पिव्हाक यांनी रोगट पिल्लं हुंगून बाहेर टाकणाऱ्या वाणाची माशी जोपासली, तिचा उपयोग होतो. पण मोजणी चुकत नाही.

काचेच्या बरणीत अर्धा कप माश्या घ्या, म्हणजे साधारण तीनशे. राणी त्यात नाही ना, इथे मात्र बघा. दोन चमचे पिठीसाखर घाला (मक्याचं पीठ असलेली इथे चालते), जाळीचं झाकण लावा, मिनिटभर घोळवा, दोन मिनिटं थांबा, पांढऱ्या ताटात झटका. माश्या अनारशासारख्या पांढऱ्या होतात आणि चिडतात, पण जगतात. ताटात नऊपेक्षा जास्त ठिपके हलताना दिसले तर त्याच आठवड्यात औषध करा. सप्टेंबरवर ढकलू नका, कारण हिवाळा काढणाऱ्या माश्या तेव्हा पाळण्यात असतात. पंधरा ऑगस्टला मंडळाच्या झेंडावंदनाला जायचं असेल तर मोजणी चौदाला उरका.

आणि ऑक्टोबरमध्ये, शेवटचं झाकण लावण्याआधी, पेटी मागून एकदा बोटभर उचला. ते वजन हाताच्या लक्षात राहू द्या. मार्चमध्ये मामा विचारील.